पावसाआधीची लस

राहुरी तालुक्यातल्या एका गोठ्यात लसीकरण वहीपासून सुरू होतं. प्रत्येक जनावराला एक पान. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, कितवं वेत, कधी भरवली, किती महिन्यांची गाभण, मागची लस केव्हा टोचली, जंताचं औषध केव्हा पाजलं. मे महिना निम्मा सरला आहे. मुक्त गोठ्यात लहानमोठी तिसेक जनावरं आहेत. बहुतेक एचएफ संकरित गाई, तीन म्हशी, बाकी कालवडी आणि वासरं. गोठ्याच्या मालकीण काकू एकेक पान वाचतात, जनावरांचे डॉक्टर ऐकत ऐकत पेन्सिलीनं खुणा करतात. लशींचा बर्फाचा डबा अजून गाडीतच आहे.

लसीकरणाचा छापील तक्ता दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर असतोच. कोणत्या रोगाची लस कोणत्या महिन्यात, एवढं त्यावरून कळतं. समोरच्या तीस जनावरांपैकी आज कोणाला टोचायची आणि कोणाला थांबवायची, हे मात्र प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं. मला ते ठरताना पाहायचं होतं.

घटसर्प आणि फऱ्याचा निर्णय लवकर झाला. हे दोन्ही पावसाळ्याचे रोग. घटसर्पाचे जंतू निरोगी जनावराच्या घशातही असतात. पहिल्या पावसात भिजणं, चिखल, चाऱ्यातला बदल यांनी जनावर खचलं की ते उचल खातात. सकाळी ताप, दुपारी गळ्याला सूज, रात्री जनावर गेलेलं, असं होऊ शकतं. म्हशींना धोका जास्त, म्हणून त्यांची पानं आधी. लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर पावसाचा अंदाज धरून मागे मोजतात आणि मेच्या मध्यावर येऊन थांबतात. फऱ्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि हा रोग गाठतो तो सहा महिने ते दोन वर्षांच्या, चांगल्या पोसलेल्या जनावरांना. वर्षाच्या एका गुबगुबीत कालवडीकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, “काकू, हिला चुकवायची नाही.”

लाळ्या खुरकुताशी येऊन मात्र बोलणं थांबलं. ही लस वर्षातून दोनदा द्यायची. २०१९ च्या सप्टेंबरपासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते. आपल्याकडे विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार फिरतात आणि लशीत ते तिन्ही असतात. काकूंच्या गोठ्यात मागची फेरी मार्चमध्ये झाली, पुढची सप्टेंबरात येईल. सप्टेंबर इथे फार मोलाचा. त्यानंतर उसाचा हंगाम लागतो, लांबून ऊसतोडीचे बैल येतात, रस्त्याकडेच्या हौदांवर एकत्र पाणी पितात. तोवर गावातल्या गुरांची प्रतिकारशक्ती तयार हवी. मार्चनंतर चार महिने पुरे होणाऱ्या वासरांसाठी वेगळी तारीख पडली. त्याआधी आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती वासराच्या अंगात असते आणि लशीला नीट काम करू देत नाही. शिवाय पहिल्या मात्रेनंतर महिन्यानं दुसरी द्यावीच लागते. ती राहिली तर पहिलीचाही उपयोग फारसा उरत नाही.

वस्तीवरच्या काही जणांनी मार्चमध्ये दुभत्या गाईंना लस टोचू दिली नव्हती. लशीनंतर दोन-तीन दिवस दूध घटतं, हे खरं आहे. ज्याच्या घरचा किराणा दहा दिवसांच्या दूधबिलावर चालतो, त्याची ही भीती मला खोटी वाटत नाही. पण लाळ्या खुरकूत झालेली गाय मी पाहिली आहे. जिभेची साल निघालेली, खूर सुटायला आलेले, सडांवर फोड, त्यातून दगडी. अशा गाईचं त्या वेतातलं दूध बहुधा पूर्ववत होत नाही. काही गाई बऱ्या होऊनही पुढचे उन्हाळे धापा टाकत काढतात. वासरांच्या हृदयावर आघात होतो आणि ती उभ्या उभ्या कोसळतात. दोन-तीन दिवसांचं दूध आणि हे, यांची बरोबरीच होत नाही. ही गोष्ट एका गोठ्यापुरतीही राहत नाही, कारण विषाणू हवेतून, चाऱ्यातून, दूध घालायला आलेल्या माणसाच्या चपलेतून फिरतो. “तुमच्या गाईंना लस आहे, पण शेजारच्यांना नाही, म्हणजे तुमचं काम अर्धंच झालं,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा काकूंनी नुसती मान हलवली.

आठवा-नववा महिना लागलेल्या दोन गाईंच्या पानांवर डॉक्टरांनी गोल काढले. त्यांना आज खोड्यात धरून ओढाताण करायची नाही, व्यायल्यावर पाहू.

लम्पीची लस दरवर्षी, गाई आणि कालवडींना. २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. पुण्याच्या औंधमधल्या शासकीय संस्थेतही ती तयार होते. म्हशींना हा रोग क्वचित होतो, त्यामुळे त्यांची पानं उलटली. गोचीड तापाची लस संकरित वासरांसाठी आहे, पण ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढली की लगेच वापरावी लागते. इथे तिची सोय नाही, तेव्हा भिंतींच्या भेगांतले गोचीड आधी संपवायचे असं ठरलं. काळपुळीची लस द्यायची नाही. त्यात जिवंत बीजाणू असतात, आणि ज्या भागात रोग होऊन गेलाय तिथेच ती देतात. या गावात तो झाल्याचं कोणाला आठवत नाही.

बुळकांडी मात्र काकूंच्या सासऱ्यांना आठवते. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग. १९९५ नंतर देशात तो आढळला नाही, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारं जग. शेवटच्या टप्प्यात तिची लस मुद्दाम बंद करावी लागली होती. लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात सारख्याच खुणा दिसतात, मग रोग खरोखर संपला की नाही हे कळणार कसं? एखादी लस थांबवायलाही केवढी तयारी लागते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उमगलं.

राहिला ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. या लशीला चूक खपत नाही. ती फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदा. नराला नाही, गाभणीला तर नाहीच. लशीतले जंतू जिवंत असतात आणि सुई माणसाच्या बोटात गेली तर माणसालाच रोग होऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा. रोग झालेल्या गाईच्या वारेतून आणि कच्च्या दुधातून तो घरात येतो, मग महिनोन् महिने चढउताराचा ताप आणि सांधेदुखी. जार हातानं काढणाऱ्या बायकांना याची झळ सर्वांत आधी बसते. सगळ्या लशींमध्ये हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, याचं मला म्हणूनच फार वाईट वाटतं.

काकूंच्या वहीत त्या वयाच्या दोनच कालवडी निघाल्या. कुपीत मात्रा पुष्कळ, आणि एकदा विरघळवली की ती काही तासांतच संपवावी लागते. दोन कालवडींसाठी अख्खी कुपी फोडायला डॉक्टर तयार होईनात. मग काकूंनी वस्तीवर फोन लावायला सुरुवात केली. ज्यांनी मार्चमध्ये लस नाकारली होती, त्यांनाही. “भाऊजी, तुमची कालवड किती महिन्यांची झाली? आणि डॉक्टर इथंच आहेत, लाळ्या खुरकुताचं राहिलंय तेही बोलून घ्या त्यांच्याशी.” अर्ध्या तासात सहा कालवडी जमल्या. त्यातली एक दहा महिन्यांची होती, ती वगळली. उरलेल्या पाच आणि घरच्या दोन मिळून सात जणींसाठी येत्या गुरुवारची सकाळ ठरली आणि डॉक्टर गाडीतून बर्फाचा डबा आणायला उठले. आज घटसर्प आणि फऱ्या, म्हशींपासून सुरुवात, प्रत्येक जनावराला नवी सुई.