टाळ्या नकोत, नोंदी हव्यात!

जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमांत लघुपटनिर्मिती आता चांगलीच रुळली आहे. पटकथा, चित्रीकरण, संकलन यांवर विद्यार्थी कित्येक आठवडे खर्च करतात. प्रेक्षकांचा प्रतिसाद मात्र अखेरच्या संध्याकाळी मित्रमंडळींच्या टाळ्यांवरून मोजला जातो. 'मस्त झालाय' हे शब्द सुखावतात खरे. पण त्यांच्या आधारे एकही दृश्य सुधारता येत नाही. ब्रिटनमधील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या २००८ च्या माध्यम अभ्यासक्रमात 'प्रेक्षकांच्या प्रतिसादातून तुम्ही काय शिकलात?' हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाचाच भाग होता. प्रतिसाद मिळवणे आणि मांडणे हेही एक शास्त्र आहे, हेच त्यातून सूचित होते.

प्रतिसाद चुकीच्या रीतीने वाचला गेला तर काय घडते, याचा धडा ऑर्सन वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या चित्रपटाने दिला आहे. १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियातील पोमोना येथे त्याचा चाचणी खेळ झाला, तोही एका हलक्याफुलक्या संगीतपटानंतर. गंभीर कौटुंबिक कथेला प्रेक्षक कंटाळले. १२५ पैकी ७२ अभिप्रायपत्रे प्रतिकूल निघाली. दोनच दिवसांनी पॅसाडेना येथील खेळाला बराच अनुकूल प्रतिसाद मिळाला. तरीही धास्तावलेल्या आरकेओ कंपनीने चित्रपट ८८ मिनिटांवर आणला, शेवट बदलला. कापलेला भाग पुढे नष्टच करण्यात आला.

कोणाला, केव्हा दाखवावा?

संकलनात बदल करणे शक्य असतानाच लघुपट दाखवावा. पटकथा ठाऊक नसलेले दहा-पंधरा प्रेक्षक पुरेसे असतात. मात्र ते आपल्याच वर्गातील नसावेत. आधी कथा समजावून सांगू नये. खेळ सुरू असताना प्रेक्षक कोठे हसतात, कोठे चुळबुळतात, याची वेळेसह नोंद घ्यावी. प्रश्नावली चर्चेपूर्वीच भरून घ्यावी. अन्यथा पहिल्या बोलक्या प्रेक्षकाचे मत साऱ्यांचे मत होऊन बसते.

काय विचारावे?

'आवडला का?' हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. प्रथम 'कथा दोन वाक्यांत सांगा', 'कोठे गोंधळ झाला?', 'शेवटी नायिकेने काय ठरवले असे वाटते?' असे प्रश्न असावेत. 'शेवट धक्कादायक वाटला ना?' या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेली प्रतिसादपद्धती येथे उपयोगी पडते. तीत प्रेक्षक आधी काय जाणवले ते सांगतात. मग कलावंत प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रेक्षक तटस्थ प्रश्न विचारतात. आणि मते अखेरीस, कलावंताच्या परवानगीनेच मांडली जातात.

सादरीकरण कसे करावे?

'बहुतेकांना लघुपट आवडला' हे वाक्य अहवालात निरर्थक ठरते. 'बारापैकी सात जणांना पत्र कोणी लिहिले ते कळले नाही' हे वाक्य मात्र कामाचे आहे. प्रेक्षक मोजकेच असताना टक्केवारी देऊ नये; ती दिशाभूल करते. निरीक्षण, किती जणांचे, संभाव्य कारण आणि केलेला बदल असा चार रकान्यांचा तक्ता करावा. निवडक अभिप्राय प्रेक्षकाच्याच शब्दांत, परवानगीने आणि नाव न देता उद्धृत करावेत. प्रतिकूल मते वगळू नयेत.

प्रत्येक सूचना स्वीकारलीच पाहिजे असे नाही. दुखते कोठे हे रुग्ण सांगतो, निदान वैद्याने करायचे असते. 'शेवट लांबला' असे प्रेक्षक म्हणतात, तेव्हा दोष अनेकदा सुरुवातीच्या एखाद्या अस्पष्ट दृश्यात असतो. म्हणून नाकारलेल्या सूचना आणि त्यामागील कारणेही अहवालात नोंदवावीत.

बदल केल्यावर लघुपट पुन्हा, नव्या प्रेक्षकांना दाखवावा. पत्राचा गोंधळ सातांऐवजी एखाद्यालाच झाला, तर संकलनातील तो बदल योग्य ठरला असे विद्यार्थी परीक्षकासमोर आधारासह सांगू शकतो.