माइक घेण्याआधी वीत मोजा!



"सर, व्हिडिओ सुरू करायचेत. माइक कोणता घेऊ? बजेट हजार-पंधराशे." प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. उत्तराआधी माझी चूक सांगतो.

सुरुवातीला मी ऑनलाइन एक 'स्टुडिओ किट' मागवलं. मोठा माइक, स्टँड, स्पंजची टोपी, दिसायला एकदम झकास. फोनला लावलं तर आवाज जेमतेम. नंतर कळलं, त्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि फोन ती देत नाही. म्हणजे अजून एक डबा विकत घ्या! ते किट आज माळ्यावर धूळ खातंय. पैसे गेलेच, वर दिवाळीच्या तोंडावर टाकायचे व्हिडिओही राहिले. ते जास्त महागात पडलं.

यातून शिकलो ते एवढंच: माइक किती भारी, यापेक्षा तो तोंडापासून किती लांब, हे आधी बघा.

माइकचं अंतर दुप्पट केलं, की तुमच्या आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घटते. एक वीत म्हणजे अंदाजे ९ इंच. तिथून ६ फुटांवर गेलात, तर अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल गेले. पंखा, फ्रिज, बाहेरचे हॉर्न आणि खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो. म्हणून समोर स्टँडवर ठेवलेल्या फोनमध्ये आपण विहिरीतून बोलल्यासारखे वाटतो.

मग घ्यायचं काय?

वायरवाला कॉलर माइक: एकटेच, घरात किंवा दुकानात, एका जागी बोलणार असाल तर हाच. छातीवर, हनुवटीपासून एक वीत खाली लावा. चार्जिंगची कटकट नाही, आणि हजाराच्या आत चांगला मिळतो.

वायरलेस कॉलर माइक: हिंडून-फिरून माल दाखवायचा असेल तरच. एकट्यासाठी दोन माइकचा सेट घेऊ नका. चार्जिंग विसरलात तर शूटिंग बंद!

यूएसबी माइक: लॅपटॉपसमोर बसून क्लास घेणार असाल तर ठीक. पण तोही तोंडाजवळच हवा.

कॅमेऱ्यावर बसणारा माइक सध्या सोडून द्या. तो पुन्हा लांबच राहतो.

पैसे देण्याआधी पिन बघा

फोनच्या ३.५ मिमी पिनवर तीन काळ्या रिंगा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. फोनला गोल जॅक नसेल, तर यूएसबी-सी माइक किंवा कन्व्हर्टर लागेल. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं. नाहीतर माइक लावलेला दिसतो आणि रेकॉर्डिंग फोनच्याच माइकचं होतं!

आधी शून्य रुपयांची टेस्ट

घरातला दुसरा फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, माइकची बाजू वर. व्हॉइस रेकॉर्डर चालू करा. व्हिडिओ सुरू झाला की एक टाळी वाजवा आणि दोन मिनिटं बोला. एडिटिंग करताना दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज आणि ओठ जुळतात. आता इअरफोन लावून ऐका. पुष्कळांना इथेच कळतं, की पहिले दहा व्हिडिओ यावरच निघतील.

खोलीकडेही बघा. पंखा बंद करा, पडदे ओढा, समोर गादी उभी करा. कापडाचं दुकान असेल तर तुमची चांदी आहे, थानं घुमारा पिऊन टाकतात. भांड्यांच्या दुकानात मात्र सगळं घुमतं, तिथे मागच्या खोलीत शूट करा.

ग्राहकाला चित्र थोडं अंधुक चालतं. पण भाव नीट ऐकू आला नाही, तर तो पुढच्या व्हिडिओवर जातो. म्हणून आज रात्री दुकान बंद केल्यावर ही टेस्ट करा, खरेदीचं उद्या बघू. वाचलेले पैसे मालात घाला!