विश्लेषण : साठीनंतर नुसता ‘विरंगुळा’ पुरेसा आहे का?

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ‘आता आराम करा’ हा सल्ला ठरलेला असतो. यातला सल्ला वगळला तर बाकी सगळे ठीक, असे म्हणता येईल इतके संशोधन आता उपलब्ध आहे. साठीनंतर आनंदी राहणारी माणसे आराम करत नाहीत असे नाही, पण त्यांच्या आठवड्यात कुणीतरी त्यांची वाट पाहत असते. हा ‘कुणीतरी’ इतका महत्त्वाचा का ठरतो, आणि तो ज्यांना सहज मिळत नाही त्यांनी काय करायचे?

साठीनंतर हातात वर्षे किती?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रुजली त्या काळात साठी गाठणेच अप्रूप होते. साठीशांतीचा सोहळा त्यातूनच आला. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. (याचा अर्थ तेव्हा सगळे तिशीत जात, असा नव्हे, बालमृत्यू प्रचंड असल्याने सरासरी खाली येत असे.) आज साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे मिळतात. पहिलीत नाव घातल्यापासून इंजिनीअरिंगची पदवी हाती येईपर्यंत १६ वर्षे लागतात, म्हणजे त्याहून मोठा कालखंड. तो ‘उरलेले आयुष्य’ या एका शब्दात गुंडाळला जातो.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते आणि त्यातील सव्वा कोटीच्या जवळपास नसले, तरी १ कोटी १० लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. २०५०पर्यंत देशाच्या लोकसंख्येतील त्यांचा वाटा २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे.

कायद्याने ज्येष्ठत्व ६० वर्षांना सुरू होते. महाराष्ट्र शासनाचे बहुतांश कर्मचारी मात्र ५८व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे ६०व्या. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ६५ आणि मोफत प्रवासासाठी ७५ पूर्ण व्हावी लागतात. म्हातारपण नेमके कधी सुरू होते, यावर सरकारी खात्यांचेही एकमत नाही.

निवृत्तीनंतर हरवते काय?

पगार, हे पहिले उत्तर. पण ज्यांना चांगली पेन्शन आहे, त्यांनाही पहिले वर्ष-दीड वर्ष जड जाते. नोकरीने पगाराबरोबर तीन गोष्टी फुकट दिलेल्या असतात: दिवसाचे वेळापत्रक, रोज भेटणारी माणसे आणि ‘साहेब, हे कसे करायचे?’ असे विचारणारा कुणीतरी. तिन्ही एकाच संध्याकाळी थांबतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून संपतो तेव्हा घड्याळात साडेआठच वाजलेले असतात.

मग घरातल्या फ्रिजची मांडणी बदलण्याच्या सूचना सुरू होतात. घरातल्यांना हे लुडबुड वाटते. खरे तर चाळीस वर्षे निर्णय घेण्याची सवय असलेला माणूस निर्णय घ्यायला जागा शोधत असतो.

पुणे, नवी मुंबईसारख्या शहरांत महापालिकांनी ज्येष्ठांसाठी ‘विरंगुळा केंद्रे’ बांधली आहेत. वर्तमानपत्रे, कॅरम, भजन, वाढदिवस साजरे करणे असे तिथले कार्यक्रम असतात. एकटेपणावर त्यांचा चांगला उपयोग होतो आणि ती वाढायला हवीत. पण नावातच मेख आहे. विरंगुळा म्हणजे वेळ बरा जावा यासाठीची सोय. अठरा वर्षे नुसती बरी घालवायची, ही अपेक्षा कमीच म्हणायला हवी.

संशोधन काय सांगते?

येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांचा २००२मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी दिला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका छोट्या शहरात ५० वर्षांवरील ६६० जणांना काही प्रश्न विचारले गेले होते. वय वाढते तसा माणूस कमी उपयोगाचा होतो हे पटते का, अशा धर्तीचे ते प्रश्न. दोन दशकांहून अधिक काळानंतर त्यांच्या आयुष्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे दिसले. वय, उत्पन्न, सुरुवातीची तब्येत यांचा हिशेब धरूनही फरक उरला.

जपानमधील मियागी प्रांतातील अभ्यास आकाराने कितीतरी मोठा आहे. ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना विचारले होते, ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ इकिगाई म्हणजे ढोबळमानाने जगण्याला अर्थ देणारे काही. पुढील सात वर्षांत ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूची जोखीम ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळली. हे २००८मध्ये प्रसिद्ध झाले. ‘इकिगाई’ नावाने पुस्तकांचा बाजार बहरला तो त्यानंतर.

मात्र इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ज्याची तब्येत आधीच ढासळत आहे, त्याला जगण्यात अर्थ वाटणे कठीणच. म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा निरीक्षणांतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग करावा लागतो.

असा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात. ‘एक्स्पीरियन्स कॉर्प्स’ या उपक्रमात साठीपुढील नागरिकांना सरकारी प्राथमिक शाळांत पाठवले जाते. मुलांना वाचायला शिकवायचे, वाचनालय सांभाळायचे, मैदानावरची भांडणे सोडवायची. वेळ आठवड्याला १५ तास. शाळेत एकट्यादुकट्याला नव्हे, तर गटाने पाठवले जाते, येण्याजाण्याच्या खर्चापोटी थोडे पैसेही मिळतात.

या आखणीमागे वृद्धांच्या आरोग्याच्या अभ्यासक डॉ. लिंडा फ्रीड होत्या. त्यांचा विचार साधा होता. ‘तब्येतीसाठी चाला’ म्हटले की माणूस महिनाभर चालतो आणि सोडून देतो. पण दुसरीतला एक मुलगा दारात उभा राहून वाट पाहत असेल, तर तोच माणूस पाऊस असतानाही बस पकडतो, जिने चढतो, मुलांची नावे लक्षात ठेवतो. व्यायाम, स्मरणशक्ती आणि सोबत ही तिन्ही कामे एका कामात बसवली होती.

इथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींना शाळेत पाठवले, काहींना नाही. दोन वर्षांनी काही जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार किंचित वाढलेला दिसला; न जाणाऱ्यांमध्ये तो वयानुसार घटला होता. तपासलेल्यांची संख्या शंभराच्या थोडी पुढे, त्यामुळे फार मोठे दावे नकोत. पण ‘या वयात आता काय शिकणार’ याला हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

महाराष्ट्रात असे काही आहे?

मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावात गोष्ट उलटी घडली. तिथे आज्या शिकवायला नव्हे, शिकायला गेल्या. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या विद्यार्थिनी, गुलाबी साडीचा गणवेश, पाठीला दप्तर आणि हातात पाटी. शिकवायला गावातलीच सून. तिच्या सासूबाईही वर्गात. पोथी स्वतः वाचता यावी, बँकेत अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढेच मागणे होते.

छायाचित्रे जगभर गेली ती गुलाबी साड्यांमुळे. लक्ष द्यावे ते वेळेकडे. वर्ग दुपारी दोन ते चार भरायचा, कारण त्याआधी घरची कामे आटोपायची असत. कुणी या बायकांना ‘आता निवृत्त व्हा’ म्हटलेच नव्हते.

स्त्रियांची निवृत्ती कधी?

साठीतल्या आनंदावरचे बहुतेक लेखन नोकरदार पुरुष डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७ मिनिटे. ही सगळ्या वयोगटांची मिळून सरासरी आहे, पण साठीनंतर पोळ्या थांबतात असे कुणाच्या घरी दिसत नाही. उलट सून किंवा मुलगी नोकरीला असेल तर नातवंडांची पूर्णवेळ जबाबदारी येते.

नातवंडांचा लळा खरा असतो, आणि थकवाही खरा असतो. निवृत्त पुरुषाला दिवसात काहीतरी भरायचे असते, त्याच घरातल्या आजीला काहीतरी कमी करायचे असते. आठवड्यातील दोन दुपारी फक्त तिच्या, असे घरात आधी ठरवून ठेवले तर भिशी असो, भजनी मंडळ असो की पोहण्याचा वर्ग, त्याला जागा मिळते. ‘जमेल तेव्हा जा’ म्हटले की ते कधीच जमत नाही. रिकामा वेळ असलेल्या आजोबांनी या दोन दुपारी स्वयंपाकघराचा ताबा घ्यायला हरकत नाही. फ्रिजची मांडणीही तेव्हाच बदलावी.

पैसा आणि शरीर साथ देत नसेल तर?

मग सकारात्मक विचारांचे डोस देणे क्रूर ठरते. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांना निवृत्तीच नसते. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतील किमान पेन्शन २०१४मध्ये १,००० रुपये ठरली. एवढ्यात महिन्याचा किराणा आणि रक्तदाबाच्या गोळ्या बसवून दाखवाव्यात, मग उद्दिष्टांबद्दल बोलावे.

शरीराच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी हमखास दुर्लक्षित राहतात. पहिली, कान. ऐकू कमी येऊ लागले की माणूस ‘काय म्हणालात?’ विचारायला संकोचतो, मग कट्ट्यावर जाणे टाळतो, आणि घरचे म्हणतात, हल्ली एकलकोंडे झालेत. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमी सांगितल्या, त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक एकटेपणा हे दोन्ही आहेत. चष्मा चटकन घेणारी माणसे श्रवणयंत्र वर्षानुवर्षे लांबवतात.

दुसरी गोष्ट, तोल. सकाळी फेरी मारली की व्यायाम झाला, असा समज आहे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढील लोकांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. बाथरूममधल्या एका पडण्याने सगळे बेत रद्द होऊ शकतात.

सुरुवात कुठून करता येईल?

शिकवण्याची इच्छा असेल तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘विद्यांजली’ पोर्टलवर नाव नोंदवून जवळच्या सरकारी शाळेला वेळ देता येतो. पैशांची गरज असेल तर साठीपुढील नागरिकांना पुन्हा नोकरी मिळावी यासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘सेक्रेड’ हे पोर्टल १ ऑक्टोबर २०२१ रोजी, ज्येष्ठ नागरिक दिनी सुरू केले. राज्यातील ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८०पासून काम करतो. मोठ्या गावांत त्याच्याशी जोडलेला एखादा संघ बहुधा सापडतो. अडचण, छळ किंवा नुसती माहिती हवी असेल तर १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

पोर्टल उघडता येत नसेल तर सरळ गल्लीतील शाळेत किंवा वाचनालयात जाऊन विचारावे. जाताना ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणू नये. मुख्याध्यापक मान डोलावतात आणि विसरतात. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक मी येऊ शकतो, चौथीला गणित शिकवू शकतो’ असे म्हणावे.