पट्ट्याचा मुलूख आणि शपथेचे राज्य

दर पाच वर्षांनी जुलैच्या पंचवीस तारखेला दिल्लीत राष्ट्रपतींच्या पदग्रहणाचा सोहळा होतो, तेव्हा बुलढाणा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील चिखलीच्या शिवारात सोयाबीनच्या तासांतून डवरे फिरत असतात, निंदणाला माणसे मिळत नाहीत म्हणून घरोघरी विचारपूस चाललेली असते, आणि बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानी लावलेल्या दूरचित्रवाणी संचावर तोफांची सलामी ऐकू आलीच, तर बी-बियाण्यांच्या उधारीचा हिशेब पाहणारा दुकानदार क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा खातेवहीत घालतो. या सोहळ्याशी आपला संबंध काय, असा प्रश्न तेथे कोणी विचारला तर तो उद्धटपणाचा ठरू नये. तथापि माझे मत असे आहे की, या विधीचे मर्म ज्यांना आपल्या पूर्वेतिहासावरून सहज उमगावे, अशा प्रदेशांत वऱ्हाडाचा क्रम फार वरचा लागेल.

कारण वऱ्हाड हा कागदावर हस्तांतरित होत आलेला मुलूख आहे. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या नावे ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो दरसाल २५ लाख रुपये खंड ठरवून कायमच्या पट्ट्याने घेतला. आणि १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करून त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब देण्यात आला, मात्र कारभार पूर्ववत इंग्रजांकडेच राहिला. एखाद्या कुळाने शेत खंडाने करावे, तसे येथे एका साम्राज्याने अवघे चार जिल्हे खंडाने केले. मालक हैदराबादेस, वहिवाटदार नागपूर-कलकत्त्यास आणि सारा भरणारी रयत चिखली-मेहकरास, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था होती. आणि या साऱ्या दस्तऐवजांत रयतेची संमती घेण्यासाठी एकही रकाना नव्हता.

त्या रयतेतून प्रश्न मात्र उठत होते. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा जळजळीत निबंध लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, म्हणजे तत्कालीन महसुली विभागणीप्रमाणे चिखली तालुक्यातल्याच; त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाच्या वर्तुळात वावरत होते. पुढे १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली आणि तिच्यात पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. हेच पंजाबराव नंतर संविधान सभेत बसले. स्त्रीने पुरुषास आणि अस्पृश्याने पुजाऱ्यास विचारलेल्या या प्रश्नांना उत्तर देण्याचे उत्तरदायित्व कोणा संस्थानिकाने वा त्याच्या पट्टेदाराने कधी पत्करले नव्हते. ते प्रथम पत्करले संविधानाने.

२६ जानेवारी १९५० रोजी दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसातील दरबार हॉलमध्ये शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्रजासत्ताकाची उद्घोषणा वाचली, तेव्हा घड्याळात दहा वाजून अठरा मिनिटे झाली होती. आणि त्यानंतर सहाच मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कनिया यांच्यासमोर डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी हिंदीतून शपथ घेतली. एकतीस तोफा झडल्या. दुपारी नवे राष्ट्रपती सहा घोड्यांच्या बग्गीतून आयर्विन स्टेडियमकडे निघाले. दालनाचे नाव दरबार हॉलच राहिले, बग्गीही जुन्याच थाटाची होती. परंतु दरबारात ज्यापुढे मान लवते ते आसन या वेळी निराळे होते. दरबाराचा धर्म असा की, रयतेने नजराणा ठेवावा आणि धन्याने तो स्वीकारावा. येथे मात्र राज्यातला सर्वोच्च पुरुष स्वतःच उभा राहून वचन देत होता. ज्या संविधानाचे रक्षण करण्याचे ते वचन होते, त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले होते आणि त्याच संविधानाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या हाती मत दिले होते. त्याच दिवशी मध्यप्रांत-वऱ्हाडाचे नाव मध्यप्रदेश झाले, आणि चिखलीचा एके काळचा नामधारी धनी असलेला निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून त्याच संविधानाच्या छायेत आला. मालक आणि वहिवाटदार दोघेही संपले.

हा विधी आता संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात होतो, आणि १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलैस शपथ घेतल्यापासून तीच तिथी रूढ झाली आहे. मावळते आणि नियोजित राष्ट्रपती मिरवणुकीने तेथे येतात. गृहसचिव कार्यारंभाची अनुज्ञा मागून निवडीची अधिसूचना वाचतात. सरन्यायाधीश शपथ देतात. नोंदवहीत स्वाक्षरी होते आणि बाहेर एकवीस तोफांची सलामी सुरू होते. साठाव्या अनुच्छेदाने सांगितलेली शपथ अत्यंत आटोपशीर आहे: पदाची कर्तव्ये निष्ठेने पार पाडणे, संविधान आणि कायदा यांचे जतन व रक्षण करणे आणि जनतेच्या सेवेस व कल्याणास वाहून घेणे. इतक्या तोफा, इतके घोडदळ, इतके मानकरी, आणि मध्यभागी तीन कलमांचा कबुलीजबाब!

परंतु माझी दृष्टी दरवेळी खिळते ती शपथेनंतरच्या एका साध्या हालचालीवर. दोन्ही राष्ट्रपती उठतात आणि आपापल्या खुर्च्यांची अदलाबदल करतात. क्षणापूर्वी प्रमुख आसनावर असलेली व्यक्ती शेजारच्या आसनावर बसते, आणि देशाची सर्वोच्च सत्ता दोन पावलांचे अंतर निःशब्दपणे ओलांडून जाते. वारसाच्या तंट्यात जेथे पिढ्यांची वैरे पोसली गेली, सिंहासनासाठी जेथे भावाने भावाचे डोळे काढले, त्या देशात हे स्थलांतर इतके शांत व्हावे, ही राज्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक बोलकी गोष्ट होय.

शपथेचा कस मात्र सभागृहात लागत नाही. तो लागतो स्वाक्षरीच्या वेळी. राजेंद्रबाबूंना हिंदू संहितेचे विधेयक मनापासून पसंत नव्हते. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लेखी कळवले की, या विषयात आपण स्वतःच्या विवेकानुसार वागू इच्छितो. त्यावर कायदेपंडितांचा अभिप्राय असा पडला की, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. त्याच महिन्यात विधेयक रखडल्यामुळे व्यथित होऊन, अन्य कारणेही सांगून, डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे निवडून आलेल्या संसदेने तीच सुधारणा तुकड्यातुकड्यांनी मंजूर केली, आणि १९५५ च्या विवाह कायद्यावर व १९५६ च्या वारसा कायद्यावर राजेंद्रबाबूंनीच संमतीची स्वाक्षरी केली. आपल्या मतास न रुचणाऱ्या कायद्यास माणसाने आपल्या हाताने प्राण द्यावा, हे केवळ शपथेमुळे घडू शकते. राजाला मत असते. राष्ट्रपतीला मत असूनही मर्यादा असते.

२००७ च्या आषाढात प्रतिभाताई पाटील यांनी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्यासमोर शपथ घेतली आणि त्या खुर्चीवर प्रथमच एक स्त्री बसली. त्यांचे जन्मगाव नाडगाव, जळगाव जिल्ह्यातले, आमच्या मलकापूरच्या शेजारचे, सासर अमरावतीचे. ताराबाईंच्या निबंधानंतर बरोबर सव्वाशे वर्षांनी त्याच परिसरातली एक मराठी स्त्री सर्व सेनादलांची सरसेनापती झाली, ही तुलना ज्याची त्याने करावी.

तथापि सोहळ्याच्या तेजाने डोळे दिपून चालणार नाही. वारसा कायद्यात १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली संसदेने दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. आज तलाठ्याच्या वारस नोंदवहीत भावांबरोबर बहिणींचीही नावे चढतात. परंतु पुष्कळदा त्या शाईपाठोपाठ हक्कसोडपत्र येते, आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण निमूटपणे सही करते. साडीचोळी घेऊन परत जाते. दिल्लीत राष्ट्रपतींनी दिलेले वचन तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचले आहे. ते उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम कोणत्याही राष्ट्रपतीचे नाही, तुमचे-माझे आहे. म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी २५ जुलैस शपथविधी होईल तेव्हा तो पाहा, त्या दोन खुर्च्यांची अदलाबदल डोळे भरून पाहा. आणि नंतर घरातल्या पेटीतून आपला सातबारा काढून त्यावर बहिणीचे नाव आहे की नाही, तेवढे तपासा.