थरथरता हात आणि छातीचा फोटो

पाड्यावरच्या क्षयरोग शिबिरात आता हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र येते. तालुक्याला न जाता शाळेच्या ओसरीवरच छातीचा फोटो निघतो. याचे मोल मोठे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे काढला नसता तर निसटले असते, कारण त्यांना खोकल्यासारखी लक्षणे नव्हती.

पण फोटो स्पष्ट हवा. या लहान यंत्राची ताकद दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रापेक्षा कमी असते, म्हणून फोटोला किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात हलला तर फुप्फुसातला बारीक डाग पुसट होतो. मग फोटो पुन्हा काढायचा, म्हणजे किरणेही पुन्हा. मजुरी बुडवून डोंगर उतरलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असे नाही.

म्हणून आम्ही तंत्रज्ञाच्या सल्ल्याने गावातल्या वेल्डिंगवाल्या दादांकडून यंत्रासाठी लोखंडी घोडा करून घेतला. त्याची रचना अशी :

पाय तीनच. चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तीन पाय मात्र टेकतातच.

वजन खाली. पायांच्या मधोमध वाळूची पिशवी टांगतो, म्हणजे घोडा कलंडत नाही.

उंची बदलती. नळीत नळी आणि बाजूला स्क्रू. माणूस उंच असो वा ठेंगणा, यंत्र छातीसमोर येते.

पकड मऊ. यंत्राला भोक न पाडता रबर लावलेल्या पट्टीत ते बसवतो.

अंतर ठरलेले. तंत्रज्ञाने सांगितलेल्या मापाची दोरी घोड्यालाच बांधली आहे. यंत्र फार जवळ आले तर हृदय मोठे दिसते.

हात मोकळे झाल्यामुळे तंत्रज्ञ शिशाचा एप्रन घालून, लांब वायरचे बटण घेऊन मागे उभा राहू शकतो. दिवसभर फोटो काढणाऱ्याला त्याचे महत्त्व अधिक.

घोडा यंत्राला स्थिर करतो, माणसाला नाही. खांदे कसे ठेवायचे, श्वास कधी रोखायचा, हे आशाताई आधीच बोलीभाषेत करून दाखवतात. घाबरलेल्या आजीलाही मग ते जमते.

फोटोत डाग दिसला म्हणजे क्षयच असे नव्हे. थुंकीची तपासणी करावीच लागते. पण तिथवर पोहोचायला आधी तो डाग दिसला पाहिजे. आपल्या भागात असे शिबिर होणार असेल, तर यंत्र कशावर ठेवणार, हे आयोजकांना जरूर विचारा.