हजेरीक्रमांक आणि फाइलींचे सामाईक कपाट

नववी ‘अ’ मधील बारावा क्रमांक आणि नववी ‘ब’ मधील बारावा क्रमांक ही एकच व्यक्ती नव्हे, हे शाळेत कोणाला सांगावे लागत नाही. शिक्षकांनी ‘बारा’ असे पुकारले की त्या वर्गातील विद्यार्थी ‘हजर’ म्हणतो. भिंतीपलीकडचा बारावा जागचा हलत नाही. परंतु दोन्ही वर्गांच्या वह्या एकाच कपाटात ठेवल्या आणि वहीवर नावाऐवजी केवळ क्रमांक घातला, तर बारा क्रमांकाची वही कोणाची? अनेक संगणक जेव्हा फाइलींचे एकच सामाईक भांडार वापरतात, तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीची उभारणी सुरू केली. तिच्यात, आणि पुढे तिच्याच धर्तीवर निघालेल्या लिनक्समध्येही, यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो, प्रत्येक गटालाही असतो, आणि फाइलीच्या नोंदीत मालकाचा व गटाचा हे क्रमांकच तेवढे लिहिलेले असतात. पडद्यावर मालकाचे नाव दिसते ते त्या क्षणी यंत्राने आपल्या हजेरीपटात पाहून सांगितलेले असते. पटात नाव नसेल, तर नुसता आकडा दिसतो. बहुतेक लिनक्स यंत्रांवर आज पहिल्या सामान्य वापरकर्त्यास १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१. शून्य हा क्रमांक ‘रूट’ नामक सर्वाधिकाऱ्याचा. त्याला जवळजवळ कोणतेच दार बंद नसते.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ तयार केली. तिच्यामुळे दूरच्या सर्व्हरवरील फाइल जणू आपल्याच खणात आहे अशी उघडता येऊ लागली. सोय मोठीच, पण रूढ पद्धतीत सर्व्हर क्रमांकाचा पुरावा मागत नसे. समोरच्या यंत्राने ‘मी १००० क्रमांकाच्या वतीने आलो आहे’ म्हटले, की तो विश्वास ठेवी.

समजा, प्रयोगशाळेतील पहिल्या यंत्रावर आधी सुमतीचे खाते उघडले, मग गोविंदाचे. दुसऱ्या यंत्रावर हा क्रम उलटा झाला. सुमतीने पहिल्या यंत्रावरून निबंध लिहून सर्व्हरवर ठेवला. त्यावर मालक म्हणून १००० ही नोंद झाली. दुसऱ्या यंत्रावर १००० म्हणजे गोविंद! तो निबंध उघडू शकतो, बदलू शकतो, पुसूनही टाकू शकतो. आणि तेथे बसलेल्या सुमतीला मात्र स्वतःच्याच लेखनाला हात लावण्याची परवानगी नाकारली जाते. कोणी कुलूप फोडले नाही, कोणी खोटे बोलले नाही. तरी एकीचे लेखन दुसऱ्याच्या हाती गेले.

शून्य क्रमांकाचा धोका तर उघड होता. स्वतःच्या यंत्राचा सर्वाधिकारी तर कोणीही असतो. म्हणून सर्व्हर शून्याला दारातच अडवून त्याला ‘नोबडी’, म्हणजे ‘कोणीच नव्हे’, असा दर्जा देतो. त्याचा क्रमांक बहुधा ६५५३४. या उपायाला ‘रूट स्क्वॅश’ म्हणतात. राजाला वेशीवरच निनावी करून आत घेण्याची ही युक्ती मला मोठी मार्मिक वाटते. पण ती अपुरी आहे. अडवलेला राजा आपल्या घरी परत जाऊन १००० क्रमांकाचे सोंग घेऊन येऊ शकतो, आणि सोंग ओळखण्याचे साधन सर्व्हरपाशी नसते.

गटांची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या पद्धतीच्या निरोपात जास्तीत जास्त १६ जोड-गटांचे क्रमांक मावतात. सतराव्या गटामुळे मिळणारा हक्क वाटेतच गळून पडतो, आणि दार का उघडत नाही हे वापरकर्त्याला कळत नाही.

सरळ उपाय म्हणजे सर्व यंत्रांना एकच हजेरीपट देणे. ‘एल-डॅप’सारख्या निर्देशिका हेच काम करतात. २००० मध्ये प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीत फाइलीच्या मालकाचे नाव व त्याचे क्षेत्र अक्षरांत पाठवण्याची सोय आली, आणि दोन्ही टोकांना त्याचा स्थानिक क्रमांकाशी मेळ घालणारा दुभाषी बसला. येथे पुष्कळ जण फसतात. पडद्यावर नाव बरोबर दिसते, पण ओळख पटवण्याची पद्धत जुनीच ठेवली असेल, तर परवानगीचा निर्णय क्रमांकावरूनच होतो. खरा पुरावा हवा असेल, तर एम.आय.टी. या अमेरिकी संस्थेत निर्माण झालेल्या ‘कर्बेरॉस’सारख्या व्यवस्थेचे सांकेतिक तिकीट दाखवावे लागते.

विंडोज आली की दुभाष्याचे काम वाढते. तेथील ओळख म्हणजे ‘एस-१-५-२१’ अशा आरंभाची लांबलचक आकड्यांची माळ; तिच्या शेवटच्या मण्यावरून व्यक्ती कळते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभलेल्या ‘सांबा’ या प्रणालीला अशा प्रत्येक माळेसाठी एक युनिक्स क्रमांक ठरवावा लागतो. येईल त्याला पुढचा मोकळा क्रमांक देऊन वहीत टिपावे, तर दोन सर्व्हरांच्या वह्या जुळत नाहीत, आणि वही हरवली तर कोणती फाइल कोणाची हेच कळेनासे होते. शेवटच्या मण्यावरून ठराविक हिशेबाने क्रमांक काढला, तर नियम सारखा असेपर्यंत सर्वत्र उत्तर एकच येते. मला ही दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते.

सामाईक भांडार जोडण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावर ‘आयडी’ ही छोटी आज्ञा देऊन सुमतीचा आकडा जुळतो की नाही ते पाहावे. जुळत नसेल, तर तो तेव्हाच बदलणे सोपे. मागाहून बदलला, तर जुन्या फाइलींवर जुनाच क्रमांक राहतो, आणि त्या शोधून एकेकीची मालकी पुन्हा लिहावी लागते.