तळघरातल्या तबकड्यांचे मोल

आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये मोठे घर विकून लहान घरात जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. आवराआवरीत भारतातून आणलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघतात. मला त्या जमवण्याचा नाद असल्याने हमखास विचारणा होते, "यांचे किती येतील हो?"

नुसत्या जुनेपणाला किंमत नसते. ती असते दुर्मिळतेला, आणि तीही गिऱ्हाईक असेल तर. मोटाउन कंपनीने १९६५ साली छापलेल्या फ्रँक विल्सनच्या एका सोल गाण्याच्या प्रती बहुतेक नष्ट झाल्या. पुढे उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत ते गाजले आणि २००९ साली एक प्रत २५ हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली.

आपल्या नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्यांना इथे असा बाजार नाही. 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची भरपूर खपलेली गाणी तर घरोघर सापडतात. पण वडाळ्याच्या 'यंग इंडिया'सारख्या छोट्या छापाची एखादी तबकडी कदाचित शेवटचीच उरलेली असेल.

म्हणून टाकण्यापूर्वी लेबलावरचे गायकाचे नाव, कंपनी, क्रमांक आणि लेबलालगत कोरलेली अक्षरे उतरवून घ्या. तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे, भेगा पाहा. अल्कोहोलने मात्र पुसू नका; लाख त्यात विरघळते. मग ती यादी जाणत्या संग्राहकाला दाखवा. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली ती अशाच हौशी मंडळींची.

डॉलर मिळोत न मिळोत, तीन मिनिटांचा तो आवाज कचऱ्याच्या गाडीत जाऊ नये.